प्रत आणि परत

लीळाचरित्र एकदा हरवले होते. महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी यांचा सहवास लाभलेल्या माणसांकडे स्वतः जाऊन, एकेक आठवण पारखून घेऊन म्हाइंभटांनी १२७८ च्या सुमारास रिद्धपुरात सिद्ध केलेला हा मराठीतला आद्य गद्यग्रंथ. पुढे खल्जींच्या स्वाऱ्यांनी देवगिरीचे राज्य खिळखिळे झाले आणि त्या धामधुमीत मूळ पोथी नाहीशी झाली, असे महानुभाव परंपरा सांगते. तेव्हा पंथाने काय केले? ज्यांनी लीळा, म्हणजे स्वामींच्या या आठवणी, ऐकून ऐकून मुखोद्गत केल्या होत्या, त्यांच्याकडून त्या पुन्हा उतरवून घेतल्या. त्यांत हिराइसा या साधक स्त्रीचे नाव आदराने घेतले जाते. तिच्या आठवणीतून उतरलेला पाठ आजही तिच्याच नावाने ओळखला जातो.

मग आज आपल्या हाती आहे ते लीळाचरित्र म्हाइंभटांचेच, की हिराइसेचे?

हा प्रश्न केवळ ग्रंथशोधकांचा नाही. संगणकावर ज्याची म्हणून काही मोलाची गोष्ट साठवलेली आहे, त्या प्रत्येकाचा तो आहे. घरातल्या जुन्या लॅपटॉपची डिस्क बसते आणि आपण म्हणतो, ‘बॅकअप आहे, काही गेलं नाही.’ पण जे परत आले ते तेच आहे का, हे कोणत्या आधारावर म्हणायचे? या प्रश्नावर भारतीय दर्शनांनी शतकानुशतके वाद घातला आहे, आणि तो वाद आजच्या बॅकअपच्या साधनांना जसाच्या तसा लागू पडतो.

मीमांसकांचे म्हणणे असे की शब्द नित्य आहे. उच्चाराने तो जन्मत नाही, केवळ प्रकट होतो. काल उच्चारलेला ‘ग’ आणि आज उच्चारलेला ‘ग’ एकच, म्हणून तर आपण त्याला ‘तोच हा’ म्हणून ओळखतो. या मताने पाहिले तर पोथीची नक्कल ही नक्कल नसतेच. दुसऱ्या पानावर प्रकट झालेला तोच ग्रंथ असतो. नैयायिकांना हे मान्य नाही. त्यांच्या मते प्रत्येक उच्चार नवा जन्मतो आणि विरतो. ‘तोच’ असे जे वाटते ते जाती एक असल्यामुळे, व्यक्ती एक असल्यामुळे नव्हे. दिव्याची ज्योत रात्रभर तीच वाटते, प्रत्यक्षात ती क्षणाक्षणाला नवी असते. बौद्धांनी हा दृष्टान्त तर साऱ्या विश्वालाच लावला.

हिराइसेच्या पाठाकडे पंथाने कसे पाहिले हे इथे फार बोलके आहे. एकाच लीळेचे पाठ वेगवेगळे निघाले, तेव्हा ते घासून एकसारखे करण्याऐवजी निरनिराळ्या पाठांच्या परंपरा त्या त्या नावाने राखल्या गेल्या. श्रद्धा मीमांसकाची होती, शिस्त नैयायिकाची. ग्रंथ एकच आहे ही खात्री मनात, आणि प्रती भिन्न आहेत ही कबुली कागदावर.

यवतमाळला या गोष्टीचा खास वारसा आहे. इथले वकील यशवंत खुशाल देशपांडे यांनी महानुभाव पोथ्यांचा शोध घेण्यात आयुष्य घातले. १९२५ साली त्यांचे ‘महानुभावीय मराठी वाङ्मय’ प्रसिद्ध झाले, आणि त्यांनी उभ्या केलेल्या शारदाश्रमाने यवतमाळचे नाव इतिहास-संशोधनात नेले. देशपांड्यांच्या पिढीपुढे असलेली अडचण मात्र पोथ्या नष्ट होण्याची नव्हती. पोथ्या होत्या, मठांमठांत, रेशमी रुमालात बांधून, पूजेत ठेवलेल्या. वाचता मात्र येत नव्हत्या. चौदाव्या शतकात पंथाने आपले ग्रंथ सांकेतिक लिपीत लिहायला सुरुवात केली. सकळ लिपी, सुंदरी लिपी अशा या लिप्या. सकळ लिपीचे कर्तृत्व परंपरा ‘सह्याद्रिवर्णन’कार रवळोव्यासांना देते. एका अक्षराच्या जागी दुसरे अक्षर योजायचे, अशी तिची मूळ युक्ती. हेतू शुद्ध होता: ज्ञान अनधिकारी माणसाच्या हाती पडू नये. परिणाम मात्र असा झाला की पंथाबाहेरच्या मराठी माणसाला आपल्याच भाषेतले आद्य गद्य शेकडो वर्षे ठाऊक नव्हते. न वाचता आलेल्या पोथ्यांबद्दल समाजात नाही नाही ते गैरसमज पसरले. इतिहासाचार्य वि. का. राजवाड्यांनी सकळ लिपीची किल्ली उलगडली, काही महंतांनी मोठ्या मनाने पोथ्या दाखवल्या, आणि मगच हे दार उघडले.

पोथी हातची जाण्याची किंवा हातात असून परकी होण्याची हीच गोष्ट आज घराघरांत घडते आहे.

केळापूर, झरी जामणी, मारेगाव या तालुक्यांत कोलाम आदिवासींचे पोड, म्हणजे वस्त्या, आहेत. कोलामी ही द्राविड कुळातली भाषा. तिला स्वतःची लिपी नाही, आणि युनेस्कोने तिची नोंद धोक्यात असलेल्या भाषांत केली आहे. मरे एमेनो या अभ्यासकाने १९५५ मध्ये तिच्यावर एक मोलाचा ग्रंथ प्रसिद्ध केला, पण पोडावरच्या म्हाताऱ्या माणसांची गाणी आणि गोष्टी ग्रंथात मावत नाहीत. समजा, पांढरकवड्याच्या एखाद्या विद्यार्थिनीने आपल्या आजीचा आवाज मोबाइलवर धरून ठेवला आहे आणि मोबाइल भरला म्हणून ती फाइल लॅपटॉपवर टाकली आहे. आजी गेल्यावर ती फाइल म्हणजेच पोथी. तिची दुसरी प्रत नसेल, तर पुन्हा सांगायला कोणी हिराइसा उरलेली नाही. बंजारा तांड्यावरची लेंगीची गाणी, जात्यावरच्या ओव्या, सातबारा आणि फेरफाराच्या प्रती, कापसाच्या विक्रीच्या पट्ट्या, अर्धवट राहिलेला प्रबंध, लग्नाचे फोटो, सगळ्याची गत तीच. लाइन येते-जाते, मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो, आणि २०२३ च्या जुलैत महागाव तालुक्यातल्या आनंदनगर तांड्यासारखे पाणी चढते तेव्हा माणसे वाचवायची की लॅपटॉप, हा प्रश्नच उरत नाही. प्रत आधीच दुसरीकडे असावी लागते.

प्रत ठेवायची तर कशाने? मुक्त स्रोत, म्हणजे ज्यांची घडण कोणालाही वाचता येते, बदलता येते आणि जी फुकट मिळतात, अशी बरीच साधने आहेत. त्यांची तुलना वेग आणि सोयीवर नेहमी होते. इथे ती वेगळ्या कसोटीवर करायची आहे: कोणते साधन जपलेल्या गोष्टीशी अधिक इमान राखते?

आरसिंक हे त्यांतले जुने. १९९६ मध्ये अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांनी ते लिहिले. दोन ठिकाणच्या फाइली ताडून जेवढा फरक असेल तेवढाच पाठवायचा, ही त्याची युक्ती. त्याची प्रत साधी, उघडी, जशीच्या तशी असते. डिस्क दुसऱ्या संगणकाला लावली की घरातले कोणीही फोल्डर उघडून फोटो पाहू शकते. पासवर्ड नको, आरसिंक नको, संगणकाचे ज्ञानही नको. हा गुण सहसा कमी लेखला जातो. बॅक इन टाइम हे लिनक्सवरचे साधन आरसिंकलाच खिडकी-बटणांचे रूप देते आणि तारीखवार प्रती मांडून ठेवते.

पण आरसिंक नुसते वापरले तर एक मोठा दोष राहतो. जुन्या पोथ्यांच्या शेवटी लेखनिक लिहून ठेवत की जसे पुढ्यात होते तसे उतरवले, चुकले असेल तर दोष माझा नाही. आरसिंक हाच लेखनिक आहे. मूळ फाइल बिघडली, तर बिघडलेलीच प्रत तो निष्ठेने चांगल्या प्रतीवर चढवतो. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाच्या खंडणीखोर व्हायरसने जगभरचे संगणक कुलूपबंद केले. अशा हल्ल्यात रोज एकाच जागी उतरवलेली प्रत मुळासारखीच निकामी होते, आणि सतत जोडून ठेवलेली डिस्कही त्यातून सुटत नाही. दोन संगणक एकसारखे ठेवणारी सिंकची साधनेही याच कारणाने बॅकअप ठरत नाहीत. इथे पुसलेले तिथेही पुसले जाते.

एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी केली. ज्ञानेश्वरी होऊन तेव्हा जवळजवळ तीनशे वर्षे झाली होती आणि नकलांत अशुद्धे शिरली होती. ती शुद्धी शक्य झाली, कारण जुन्या प्रती शिल्लक होत्या. नवी प्रत आली म्हणून कोणी जुनी पुसून टाकली नव्हती. बॅकअपमध्ये जुन्या तारखांच्या प्रती राखण्याचे कारण नेमके हेच आहे.

इथे बोर्ग आणि रेस्टिक यांचे काम सुरू होते. बोर्ग २०१५ मध्ये अ‍ॅटिक नावाच्या आधीच्या प्रकल्पातून शाखा फुटून निघाले. रेस्टिकही त्याच सुमारास पुढे आले. दोन्ही साधने फाइलीचे लहानमोठे तुकडे करतात. रेस्टिक प्रत्येक तुकड्याच्या मजकुरावरून गणिताने एक ठसा काढते आणि तो ठसा हेच त्या तुकड्याचे नाव ठरते. तुकड्यातले एक अक्षर बदलले तरी ठसा बदलतो. ‘तोच हा’ हे ओळखण्याचा हा फार नेमका मार्ग आहे. आणि तोच तुकडा उद्याच्या, परवाच्या, पुढच्या महिन्याच्या बॅकअपमध्ये आला, तर तो पुन्हा साठवला जात नाही. शंभर तारखांच्या प्रती त्या एकाच तुकड्याकडे बोट दाखवतात. मीमांसकाचा एकच ‘ग’ हजार शब्दांत प्रकट व्हावा तसे हे आहे. जागा इतकी कमी लागते की साध्या डिस्कवरही वर्षानुवर्षांचा इतिहास मावतो.

नैयायिकाची हरकत मात्र इथे खरी ठरते. तो एक तुकडा डिस्कवर बिघडला, की त्याच्याकडे बोट दाखवणाऱ्या शंभर तारखांमधली ती फाइल एकदम जाते. तारखा शंभर होत्या, व्यक्ती एकच होती. बॅक इन टाइममध्येही न बदललेली फाइल सगळ्या तारखांना मिळून एकच असते, तेव्हा तिथेही हा धोका चुकत नाही. एका डिस्कवरचा इतिहास कितीही खोल असला तरी ती एकच पोथी. छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी लोकप्रिय केलेला नियम याचसाठी आहे: प्रती तीन, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, आणि त्यांतली एक घराबाहेर. यवतमाळात घर असेल तर तिसरी डिस्क पुसदच्या बहिणीकडे असावी, शेजारच्या खोलीतल्या कपाटात नव्हे.

दोन्ही साधनांत फरकही आहेत. रेस्टिक विंडोजवर सरळ चालते. बोर्ग मूळचे लिनक्स आणि मॅकचे, विंडोजवर त्याला आडवाटेने न्यावे लागते. बोर्गमध्ये मजकूर दाबून लहान करण्याची सोय पहिल्यापासून होती, रेस्टिकमध्ये ती २०२२ मध्ये आली. महत्त्वाचा फरक कुलुपाचा, म्हणजे पासवर्डाशिवाय मजकूर वाचता येऊ नये या सोयीचा. रेस्टिक कुलूप लावल्याशिवाय काही साठवतच नाही आणि पासवर्ड हरवला तर आतले सारे कायमचे गेले. कोणी राजवाडे येऊन ते उलगडणार नाहीत, कारण ही लिपी अक्षरांच्या अदलाबदलीची नाही. बोर्गमध्ये कुलूप लावायचे की नाही हे आपण ठरवतो, किल्ली डिस्कवर ठेवायची की आपल्या संगणकावर हेही ठरवता येते. आणि त्यात एक आज्ञा अशी आहे की ती किल्ली कागदावर छापून ठेवण्याजोग्या अक्षरांत काढून देते. पोथीच्या रुमालात किल्लीचे पान बांधून ठेवावे, तशी ही सोय आहे.

डुप्लिकाटी ब्राउझरच्या खिडकीतून चालते, त्यामुळे आज्ञा टाइप करायला बिचकणाऱ्या माणसाला ते जवळचे वाटते. प्रत्येक बॅकअपनंतर काही नमुने परत मागवून तपासण्याची चांगली सवय त्याला आहे. पण ते स्वतःची नोंदवही संगणकावरच ठेवते. संगणकच गेला तर नव्या संगणकावर ती वही पुन्हा बांधावी लागते आणि त्यात बराच वेळ जाऊ शकतो. संकटाच्या दिवशी ही वाट पाहणे जिवावर येते. कोपिया हे त्यामानाने नवे, खिडकीसह येणारे, रेस्टिकच्याच वळणाचे. टाइमशिफ्ट लिनक्सची यंत्रणा पूर्वपदावर आणते, पण आपल्या घरच्या फाइली आपणहून घेत नाही. त्याला बॅकअप समजून निर्धास्त राहिलेला माणूस फसतो. क्लोनझिला अख्ख्या डिस्कची एकसंध प्रतिमा काढते. संगणक आहे तसा पुन्हा उभा करायला ते उत्तम, एक हरवलेले पत्र शोधायला अवजड.

इतकी तुलना केल्यावरही मूळ प्रश्न साधनाने सुटत नाही. वेदपठणाची परंपरा पाहा. पदपाठ, क्रमपाठ, जटापाठ, घनपाठ: शब्द सुटे करायचे, जोडीने म्हणायचे, उलटसुलट गुंफून म्हणायचे, म्हणजे एक स्वर जरी ढळला तरी पुढच्या आवर्तनात पकडला जाईल. तिथे जतन करणे म्हणजे साठवून ठेवणे नव्हतेच. परत परत म्हणून दाखवणे होते. महानुभावांमध्येही लीळांचे स्मरण हा साधनेचा भाग होता, म्हणून हिराइसेला त्या पाठ होत्या. कोणा आपत्तीच्या तयारीसाठी तिने त्या पाठ केल्या नव्हत्या. रोज आठवत होत्या म्हणून आपत्तीच्या दिवशी उपयोगी पडल्या.

उलट उदाहरण आजच्या जगातले. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कंपनीत एका कर्मचाऱ्याच्या हातून चालू माहितीसाठा पुसला गेला. बॅकअपच्या एक ना दोन, पाच व्यवस्था होत्या. ऐन वेळी त्या कामाला येईनात. काही तासांपूर्वी सहज काढून ठेवलेल्या एका प्रतीने कंपनीला तारले, आणि तरी सुमारे सहा तासांच्या नोंदी गेल्या. कंपनीने हे सारे जगापुढे उघड मांडले, हा तिचा मोठेपणा. प्रती काढल्या जात आहेत असे सगळ्यांनी धरून चालले होते. त्या परत आणून कोणी पाहिल्या नव्हत्या.

बोर्ग आणि रेस्टिक या दोहोंत तपासणीची आज्ञा आहे. पण रेस्टिकला नुसते ‘चेक’ सांगितले तर ते कोशाची, म्हणजे साठवलेल्या प्रतींच्या साठ्याची, मांडणी तपासते, आतला सगळा मजकूर वाचून पाहत नाही. त्यासाठी वेगळे सांगावे लागते आणि वेळ द्यावा लागतो. बोर्ग साठवलेला मजकूर आपणहून वाचते, पण कुलूप उघडून तो पूर्ण पडताळायला त्यालाही वेगळे सांगावे लागते. बहुतेक जण हा वेळ देत नाहीत. पूजेत ठेवलेली पोथी कोणी उघडली नाही, की कसरीने आतून तिची चाळण केली तरी रुमाल तसाच चकचकीत दिसतो.

यातूनच दुसरा, अधिक अवघड प्रश्न उभा राहतो. सगळेच का जपायचे? चक्रधरांची शिकवण विरक्तीची होती. स्थळ, माणूस, वस्तू कशातच गुंतू नये अशी. आणि त्यांच्याच अनुयायांनी ते कुठे बसले, कुठे निजले, कुठून गेले याची नोंद स्थानपोथीत केली. जैनांचा अपरिग्रह तर व्रतच आहे. मग वीस हजार फोटोंचा बॅकअप हा परिग्रह नव्हे काय?

प्रस्तुत लेखकाला यात विसंगती दिसत नाही. अनुयायांनी चक्रधरांची वस्तू म्हणून मालकी सांगितली नाही; पुढच्या माणसाला आठवता यावे म्हणून नोंद ठेवली. ऋषिऋणाची कल्पना हीच: मिळालेले ज्ञान शिकून आणि शिकवून फेडायचे, कपाटात बंद करून नव्हे. जे कोणी कधी आठवणार नाही ते जपणे हा परिग्रह. रेस्टिकमध्ये जुन्या प्रती सोडून देण्याची आज्ञा आहे आणि तिचे नावच ‘विसर’ अशा अर्थाचे आहे. किती दिवसांच्या, किती महिन्यांच्या, किती वर्षांच्या प्रती ठेवायच्या हे तिला सांगावे लागते. तो निर्णय यंत्र घेत नाही. दहा मिनिटे डोळे मिटून बसावे आणि मगच तो घ्यावा, इतका तो गंभीर आहे.

आणि म्हणून ‘मुक्त स्रोत’ ही गोष्ट फुकट मिळते एवढ्यासाठी मोलाची नाही. रेस्टिकने आपल्या कोशाची घडण लिहून प्रसिद्ध केली आहे. तिच्याच आधाराने वेगळ्या लोकांनी रस्टिक नावाचे दुसरे साधन लिहिले आणि ते रेस्टिकचा कोश वाचू शकते. अ‍ॅटिकचे काम मंदावले तेव्हा बोर्गकारांना ते पुढे नेता आले, जुने कोश टाकून द्यावे लागले नाहीत. ज्या साधनाची लिपी बंद आहे, त्याचा निर्माता उद्या दुकान मिटवून गेला तर आपल्याच आजीचा आवाज आपल्याला सकळ लिपीतल्या पोथीसारखा हातात असून परका होईल. कुलूप असावे, पण कुलूप कसे घडवले आहे हे सर्वांना ठाऊक असावे आणि किल्ली घरात दोघांना.

यवतमाळसारख्या जिल्ह्यातल्या सामान्य घराला सुचवायचे ते असे. एक डिस्क आरसिंक किंवा बॅक इन टाइमची, उघडी, कुलपाविना, घरातल्या कोणालाही वाचता येईल अशी. काम झाले की काढून ठेवलेली. दुसरी रेस्टिकची किंवा बोर्गची, कुलूपबंद, दुसऱ्या गावी. खाजगी कागद, बँकेची माहिती, इतरांची गुपिते फक्त दुसरीत. कोलामी गाण्यांसारखा ठेवा, गाणाऱ्यांची संमती असेल तर, याही पलीकडे एखाद्या महाविद्यालयाच्या किंवा ग्रंथालयाच्या हवाली.

हा लेख खाली ठेवल्यावर वाचकाने एवढे करावे: आपल्या बॅकअपमधून एक फाइल, सर्वांत जुनी आणि सर्वांत प्रिय, दुसऱ्याच्या संगणकावर परत आणून उघडून पाहावी. पासवर्ड कागदावर लिहावा आणि तो कागद घरातल्या ज्या माणसावर विश्वास आहे त्याच्या हाती, नीट समजावून, आजच द्यावा.